जोड न लावलेली कुस्ती : ट्रेडिंगच्या पुस्तकांतली नम्रता

ट्रेडिंगवरच्या पुस्तकांत एक प्रकरण हटकून असतं. पुस्तक अमेरिकन असो, त्याचा मराठी अनुवाद असो किंवा टेलिग्रामवर फिरणारी चाळीस पानांची पीडीएफ असो. सुरुवातीला कॅन्डल, सपोर्ट, रेझिस्टन्स, स्टॉपलॉस वगैरे सामान मांडून होतं आणि मग कधीतरी लेखकाचा आवाज एकदम खाली येतो. मार्केटपुढे नम्र राहा, असं तो सांगू लागतो. मार्केट कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूस. रोज शिका, डायरी लिहा, अहंकार घराबाहेर ठेवून स्क्रीनसमोर बसा. दलाल स्ट्रीटवर गुजरातीत हेच तीन शब्दांत म्हणतात, ‘भाव भगवान छे’.

या प्रकरणात खोटं काही नसतं आणि म्हणूनच त्याची झडती घेणं अवघड जातं. शिकत राहा, नम्र राहा, याला नाही कोण म्हणेल? हा उपदेश गवंड्याला लागू आहे, गायकाला आहे, डॉक्टरला आहे. पण वाचकाला एक सवय असायला हवी. सगळ्यांना एकदम पटणारं वाक्य दिसलं की ते त्या जागी नेमकं काय काम करतंय, हे बघायचं. ट्रेडिंगच्या पुस्तकांकडे आपल्याकडे समीक्षेच्या नजरेनं कुणी बघत नाही, कारण ती साहित्य मानली जात नाहीत. विशीतला मुलगा जर सगळ्यांत जास्त ही पुस्तकं वाचत असेल, तर मग तेच त्याचं साहित्य आहे.

या पुस्तकांना एक ठरलेलं कथानक असतं. नायक साधा, घरची परिस्थिती बेताची. सुरुवातीला तो जिंकतो, बहुतेक वेळा नशिबानं. मग त्याच्या डोक्यात हवा जाते. मग एका दिवसात, फार तर एका आठवड्यात, सगळं जातं. अंधारी खोली, घरच्यांपासून लपवलेलं कर्ज. मग गुरू भेटतो, किंवा पुस्तक भेटतं, किंवा आतला आवाज ऐकू येतो. डायरी, शिस्त, नम्रता. शेवटच्या प्रकरणात नायक शांतपणे चहा पीत दोन सौदे करतो आणि लॅपटॉप मिटतो. ओळखीचं वाटतंय ना? पाप, पश्चात्ताप, साक्षात्कार हा क्रम आपण आख्यानांत ऐकत आलोय. यात देवाच्या जागी निफ्टी आहे, एवढंच.

या वंशाचा मूळपुरुष म्हणजे एडविन लफेव्हरचं ‘रेमिनिसन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर’. १९२३ साली पुस्तकरूपात आलेलं. शंभर वर्षं झाली तरी प्रत्येक ‘टॉप टेन’ यादीत ते असतंच. नायकाचं नाव लॅरी लिव्हिंगस्टन, आणि त्याच्यामागे खरा माणूस आहे जेसी लिव्हरमोर. हा पोरवयात बॉस्टनमधल्या दलालाच्या पेढीत फळ्यावर भाव लिहायच्या कामाला लागला आणि आकड्यांच्या हालचाली पाठ करत करत सटोडिया झाला. पुस्तक खरोखर चांगलं आहे, आणि ते कशामुळे चांगलं आहे हे बघण्यासारखं आहे. लिव्हिंगस्टनला नियम सापडतात, हा भाग आता कुणीही लिहील. लफेव्हर त्याच्यापुढे जातो. त्याचा नायक नियम पुरते ओळखून असतो आणि तरीही मोडतो. कापसाचा प्रसंग आठवा. पर्सी थॉमस नावाचा गोडबोल्या, अभ्यासू माणूस त्याच्याशी कापसाबद्दल बोलत राहतो. लिव्हिंगस्टनचं स्वतःचं मत वेगळं असतं. हळूहळू ते मत थॉमसच्या मतात विरघळतं. मग तो फायद्यातला गहू विकून टाकतो आणि तोट्यातला कापूस धरून ठेवतो, वर आणखी विकत घेतो. कुठल्याही नवशिक्याला सांगतात की असं करू नकोस, नेमकं तेच. आणि करणारा नवशिका नाही, त्या धंद्यातला सगळ्यांत तरबेज माणूस आहे. माहिती असणं आणि हातून होणं यांच्यातली दरी मी इतक्या स्वच्छपणे फार थोड्या कादंबऱ्यांत वाचली आहे.

पण पुस्तक संपल्यावर खऱ्या लिव्हरमोरचं आयुष्य चालूच राहिलं. १९२९च्या पडझडीत त्यानं मंदीच्या बाजूनं प्रचंड पैसा कमावला. दहा कोटी डॉलर हा आकडा नेहमी सांगितला जातो. १९३४ साली तो पुन्हा दिवाळखोर झाला. १९४०च्या मार्चमध्ये त्यानं स्वतःच्या नावावर ट्रेडिंग शिकवणारं पुस्तक छापलं आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात स्वतःला गोळी घालून घेतली.

या शेवटाचं या पंथातले वाचक काय करतात? ते म्हणतात, त्यानं स्वतःचेच नियम पाळले नाहीत. एवढं म्हणून ते पुढच्या पानावर जातात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. जिंकला तेव्हा नियम बरोबर होते. हरला तेव्हाही नियम बरोबरच होते, तो शिस्तीत कमी पडला. मग नियम चुकीचे होते असं ठरायला घडायचं तरी काय बाकी राहिलं? नवस फेडायला उशीर झाला म्हणून अरिष्ट आलं, असं सांगणाऱ्या देवऋषीला तरी आपण निदान हसतो.

व्हिक्टर नीडरहॉफर हा दुसरा मासला. हार्वर्डमध्ये शिकलेला, शिकागो विद्यापीठाची पीएचडी, स्क्वॉशचा राष्ट्रीय विजेता, जॉर्ज सोरोसकडे काम केलेला. त्याचं ‘द एज्युकेशन ऑफ अ स्पेक्युलेटर’ हे जाडजूड पुस्तक १९९७च्या सुरुवातीला आलं. शीर्षकातच शिक्षण आहे. वडिलांकडून, खेळातून, संगीतातून, निसर्गातून बाजाराबद्दल काय शिकता येतं याचा तो फार रसाळ पसारा आहे. त्याच वर्षी थायलंडच्या बँकांच्या शेअरांत त्याला मोठा फटका बसला आणि २७ ऑक्टोबरला अमेरिकी बाजार एका दिवसात सात टक्क्यांवर कोसळला, तेव्हा त्यानं विकून ठेवलेल्या पुट ऑप्शन्सनी त्याचा फंड संपवला. पुस्तक अजून दुकानांच्या पुढच्या मांडणीत असेल. या माणसाला शिकायची हौस कमी होती असं त्याचा शत्रूही म्हणणार नाही. त्याला उभ्या आयुष्यात बाजाराबद्दल जेवढं समजलं तेवढं आपल्यातल्या कुणाला समजणार नाही. तरी हे झालं.

तेव्हा ‘शिकत राहिलं की सुधारतं’ हे गृहीतच एकदा तपासून बघायला हवं. सुदैवानं ते तपासलं गेलं आहे. ब्राझीलमधल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या शेअर निर्देशांकाच्या वायद्यांत डे-ट्रेडिंग सुरू करणाऱ्या प्रत्येक माणसाचा माग काढला. बहुतेकजण लवकर गळाले. जे तीनशेहून जास्त दिवस टिकले, म्हणजे ज्यांनी ‘सातत्य’ ठेवलं, त्यांच्यापैकी ९७ टक्के तोट्यात होते. तिथल्या किमान वेतनाहून जास्त कमावणारे १.१ टक्के. आणि सराव वाढला तसे निकाल सुधारले, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. तैवानमधल्या मोठ्या अभ्यासात सातत्यानं कमावणारे डे-ट्रेडर एक टक्क्याहून कमी निघाले. त्या एक टक्क्याकडे कौशल्य होतं, हेही त्यातून दिसतं. म्हणजे कौशल्य ही थाप नाही. ती वस्तू आहे, पण बाकीच्या नव्व्याण्णवांना ती नुसतं चिकटून राहिल्यानं मिळत नाही.

आपल्याकडचे आकडे सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये दिले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. माणशी सरासरी दोन लाख. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा झालेले फक्त एक टक्का. तीस वर्षांखालच्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकांचं जाहीर केलेलं उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत. आणि मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे ७२ टक्के. हा मलबार हिलचा विषय नाही. हा राजारामपुरीतल्या अभ्यासिकेचा आणि इचलकरंजीतल्या चहाच्या टपरीचा विषय आहे.

त्याच अहवालातली एक ओळ मला सगळ्यांत जास्त बोलकी वाटते. सलग वर्षं तोटा होऊनही पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोक खेळत राहिले. पुस्तकांच्या भाषेत त्यांनी हार मानली नाही, ते शिकत राहिले.

इथे भाषेकडे बघू. ट्रेडर तोट्याला काय म्हणतो? ‘मार्केटला फी भरली.’ बाजारातला सगळ्यांत लोकप्रिय अलंकार हाच. फी म्हटलं की शाळा आली, अभ्यासक्रम आला, वर्ष संपल्यावर वरच्या वर्गात जाणं आलं. दोन लाख गेले हे वाक्य घरात उच्चारता येत नाही; दोन लाख फी भरली हे निदान स्वतःशी तरी म्हणता येतं. शब्दानं दुःख हलकं होतं, तसा हिशेबही पुसट होतो. गंमत अशी की फी खरोखरच भरली गेली आहे आणि तिची पावतीही आहे. सेबीच्या त्याच अहवालाप्रमाणे तीन वर्षांत या लोकांनी व्यवहारखर्चापोटी सुमारे पन्नास हजार कोटी रुपये दिले. त्यातले ५१ टक्के दलाली, २० टक्के एक्स्चेंजचं शुल्क. शाळेची फी कुणाच्या तिजोरीत जमा झाली, ते यातून कळतं. शिक्षण किती झालं, ते वर आलंच.

कोल्हापुरात याला आणखी एक शब्द आहे, ‘नाद’. ‘नाद खुळा’ ही आपल्याकडे शाबासकी आहे. बैलगाडीचा नाद, कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, आणि आता ऑप्शनचा नाद. या शब्दात वेड, प्रेम आणि व्यसन तिन्ही बिनतक्रार एकत्र नांदतात, म्हणून तो मला ‘पॅशन’पेक्षा प्रामाणिक वाटतो. पॅशनला धोक्याची घंटा नाही. नादाला आहे, ‘नादाला लागला’ म्हटलं की समोरचा काळजीनंच बघतो.

आता शिकण्याकडे. शिकणं कुठे होतं आणि कुठे होत नाही, याचं एक चांगलं उत्तर रॉबिन हॉगार्थ या मानसशास्त्रज्ञानं दिलं. काही वातावरणं दयाळू असतात: तुम्ही काही करता, निकाल लगेच येतो, स्पष्ट येतो, आणि पुढच्या वेळी तेच नियम लागू असतात. काही वातावरणं दुष्ट असतात: निकाल उशिरा येतो, अर्धवट येतो, आणि चुकीच्या कृतीला बक्षीस मिळू शकतं. पहिल्यात अनुभवानं माणूस शहाणा होतो. दुसऱ्यात अनुभवानं फक्त आत्मविश्वास वाढतो.

दयाळू वातावरण बघायला लांब जायला नको. हंगामात पन्हाळ्याच्या किंवा करवीरच्या बाजूला एखाद्या गुऱ्हाळावर जा. काहिलीत रस उकळतोय, भेंडीच्या चिकानं मळी वर येतेय, जळव्या चुलवाणात चिपाडं सारतोय आणि गुळव्या फेसाकडे बघत उभा आहे. पाक पाण्यात टाकून गोळी चाचपतो. काहील कधी उतरवायची हे तो ठरवतो, आणि ते चुकलं तर काही वेळातच वाफ्यात दिसतं: गूळ पाघळतो, नाहीतर करपून काळा पडतो. दिवसाला अशी कितीतरी आदणं. हंगामभर हेच. चूक आणि तिचं फळ यांच्यात एका चहाचं अंतर. दहा हंगामांनी तयार झालेल्या गुळव्याच्या हाताबद्दल कुणाला शंका नसते, आणि तो नम्र आहे की उर्मट याच्याशी गुळाला देणंघेणं नसतं. (मला वाटतं ते चांगलंच आहे. कौशल्याच्या ठिकाणी चारित्र्याची चर्चा फार होऊ लागली की समजावं, कौशल्य मोजता येत नाहीये.)

हा गूळ पुढे बाजारात येतो, आणि बाजार म्हटला की भाबडेपणा संपला. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती व्यापारपेठ म्हणून, गूळ हा तिचा कणा. आज सौदे शाहू मार्केट यार्डात होतात. दिवाळीच्या पाडव्याला तिथे मुहूर्ताचे सौदे निघतात, तसे लक्ष्मीपूजनाला मुंबईत शेअर बाजाराचे निघतात. खरेदीदार रवा फोडून, रंग बघून, कण चोळून, जिभेवर ठेवून बोली लावतो. त्याचा अंदाज चुकू शकतो, भाव पडू शकतो. पण माल त्याच्यासमोर आहे, आणि तो चांगला होता की वाईट हे त्याला ग्राहकाकडून कळतंच. या बाजाराचं मला सोवळं कौतुक करायचं नाही. साखर मिसळलेला गूळ, बाहेरचा गूळ कोल्हापुरी नावानं खपवणं, अडत्याच्या उचलीत अडकलेला शेतकरी, हेही सगळं तिथलंच. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी ती भांडणं संपली नाहीत. जुन्या व्यापाऱ्यांच्या शहाणपणाचा खर्च बऱ्याचदा ऊसवाल्यानं उचललेला असतो. तरीसुद्धा तिथे शिकता येतं, एवढाच मुद्दा.

ऑप्शनमध्ये मंगळवारी केलेली चूक फायदा देऊन जाते आणि बुधवारी नीट विचार करून केलेला सौदा बुडतो. यातून मेंदूनं काय शिकायचं? जरा हिशेब करू. एक कोटी माणसं नुसता छापा-काटा करत बसली, तरी त्यांच्यातल्या पावणेदहा हजारांना सलग दहा वेळा छापा पडेल. दहा महिने सलग नफा! त्या पावणेदहा हजारांना आपण भाग्यवान आहोत असं वाटणार नाही, आपण शिकलोय असं वाटेल. त्यातले काही यूट्यूब चॅनेल काढतील आणि त्यांच्या नम्रतेच्या प्रकरणातलं प्रत्येक वाक्य प्रामाणिक असेल. उलट बाजूनं बघा. तुमच्याकडे खरोखर थोडं कौशल्य आहे, शंभरात पंचावन्न सौदे बरोबर येतात. हे नशीब नव्हे असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणायला सारख्याच जातीचे साधारण चारशे सौदे लागतात, आणि तेही बाजाराचा स्वभाव मध्येच बदलला नाही तर. चारशे सौद्यांची नीट नोंद ठेवलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मार्क डग्लसचं ‘ट्रेडिंग इन द झोन’ (२०००) मी या प्रकारातलं सर्वांत हुशार पुस्तक मानतो, कारण त्याला ही अडचण निम्मी तरी दिसली आहे. एकेका सौद्याच्या निकालाला अर्थ नाही, कसिनोसारखा विचार करा, शक्यतांच्या भाषेत बोला, असं तो सांगतो. सराव म्हणून वीस सौद्यांचा एक संच करायला लावतो. इथवर ठीक. पण कसिनोवाला शांत झोपतो तो त्याचं मन स्थिर आहे म्हणून नव्हे. रूलेटच्या चाकावर हिरवं घर आहे म्हणून. त्याची बाजू गणितानंच जड आहे. वाचकाकडे तसं हिरवं घर आहे की नाही, हा प्रश्न डग्लस बाजूला ठेवतो आणि पुस्तकभर मनाची मशागत करतो. बियाणं आहे का ते कुणी विचारायचं? आणि वीस सौद्यांत ते कळणार नाही, हे वर पाहिलंच. नसीम तालेबचं ‘फूल्ड बाय रँडमनेस’ (२००१) हा प्रश्न विचारतं, फार टोकदारपणे विचारतं. फक्त नम्रतेवर इतकं उद्धट पुस्तक दुसरं नसेल. त्याचं मला वावडं नाही. नम्रतेचा सूर लावून खोटं सांगण्यापेक्षा उद्धटपणे खरं सांगितलेलं बरं.

पण या सगळ्या पुस्तकांत, तालेब धरून, एक गोष्ट सुटते. ती समजायला तालमीत जावं लागतं.

गंगावेश, मोतीबाग, कुठलीही तालीम घ्या. नवं पोर आलं की वस्ताद त्याला महिनोन्महिने जोर-बैठका आणि हौद्यातली माती उकरण्यात ठेवतो. मग लढत देतो ती त्याच्या वजनाची, त्याच्या वकुबाची. याला ‘जोड लावणं’ म्हणतात आणि वस्तादाची अक्कल बरीचशी यातच असते. १९१२ साली बांधून झालेल्या खासबागेत आजवर हजारो कुस्त्या झाल्या असतील. पहिल्या वर्षाच्या पोराला हिंदकेसरीसमोर उभं केलंय आणि पाठीला माती लागल्यावर ‘नम्र राहा, शिकशील’ असं सांगितलंय, असं कधी झालेलं नाही. झालं असतं तर लोकांनी पोराला नव्हे, वस्तादाला जाब विचारला असता.

शेअर बाजारात जोड लावणारा कुणी नाही. फोनवरून तीनशे रुपयांचा कॉल घेणाऱ्या पोरासमोर कोण आहे, ते त्याला दिसत नाही. सेबीला दिसतं. २०२३-२४मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधून स्वतःच्या पैशानं खेळणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपयांचा ढोबळ नफा कमावला. त्यातला ९६-९७ टक्के अल्गोरिदमनं. जुलै २०२५मध्ये सेबीनं जेन स्ट्रीट या अमेरिकी पेढीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये अडवले. बँक निफ्टीच्या एक्स्पायरीला निर्देशांक हलवल्याचा आरोप होता. पेढीनं तो नाकारला आणि दाद मागितली. निकाल काहीही लागो. त्या आदेशाचा कागद वाचताना माझ्या मनात आलं ते असं, की त्या दिवसांत हरलेल्या पोरांनी संध्याकाळी डायरीत काय लिहिलं असेल? ‘घाई केली.’ ‘भावनेच्या भरात एन्ट्री घेतली.’ ‘शिस्त मोडली.’

नम्रतेच्या प्रकरणाचं काम हे आहे. तोट्याचं कारण नेहमी हरणाऱ्याच्या आत शोधायला ते शिकवतं. समोर कोण होतं, नियम कुणी केले, वजनगट का नव्हते, हे प्रश्न त्या डायरीच्या रकान्यांत बसतच नाहीत. आणि ज्याची बाजू जड आहे त्याला नम्र राहायला कुणी सांगत नाही. मी तरी अल्गोरिदमसाठी लिहिलेलं नम्रतेवरचं प्रकरण वाचलेलं नाही.

शिकवण्याबद्दल उलट बाजूचा एक पुरावाही ठेवायला हवा, कारण तो या पंथाचा सर्वांत मोठा आधार आहे. १९८३ साली शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांच्यात वाद झाला: ट्रेडर घडवता येतो की जन्मावा लागतो? डेनिसनं वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, नवखी माणसं निवडली, दोन आठवडे नियम शिकवले. ‘टर्टल’ म्हणून ती प्रसिद्ध झाली आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मोठा पैसा कमावला. तर मग शिकवता येतं? येतं, त्या काळात, त्या बाजारांत, त्या नियमांनी आलं. खुद्द डेनिस १९८८मध्ये मोठ्या तोट्यानंतर बाजूला झाला, तेही लक्षात ठेवावं. पण माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जातं. टर्टल्सना खेळायला पैसा डेनिसनं दिला होता. शिष्य हरला तर गुरूचा खिसा रिकामा होणार होता. तालमीतला वस्तादही असाच. पोर हरलं तर नाव तालमीचं जातं. आजच्या कोर्सवाल्याचं उत्पन्न शिष्यानं नाव घातलं त्याच दिवशी पक्कं होतं. जानेवारी २०२५मध्ये सेबीनं असा नियम केला की शिकवण्याच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरता येणार नाहीत. टिपा देणाऱ्यांना चाप बसावा म्हणून. ठीकच आहे. पण जुन्या चार्टवर शिकवणं हाच तर या कोर्सांचा मूळ धंदा. चार्टची उजवी बाजू आधीच उघडी असते, मग प्रत्येक पॅटर्न जमतो, प्रत्येक ब्रेकआउट खरा निघतो आणि मास्तर प्रत्येक वेळी बरोबर असतो.

या प्रकारच्या पुस्तकांत न सापडणारं प्रकरण म्हणजे सोडून देण्याचं. दोन वर्षं नोंदी ठेवल्या, दलाली आणि करासकट हिशेब मांडला, आपल्याकडे हिरवं घर नाही असं दिसलं, खातं बंद केलं आणि दर महिन्याला इंडेक्स फंडात पैसे टाकून आपल्या कामाला लागलो. शिकण्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. पण हा नायक पुढचा कोर्स घेत नाही, दुसरी आवृत्ती विकत घेत नाही, म्हणून त्याच्यावर पुस्तक निघत नाही. मराठीला तरी हे कथानक परकं वाटायचं कारण नाही. आपला सगळ्यांत मोठा कवी दुकानदार होता, दुष्काळात त्याचा धंदा बुडाला, आणि आपल्या वाट्याची कर्जखतं त्यानं इंद्रायणीत सोडली, भावाचा वाटा मात्र भावाला दिला, असं परंपरा सांगते. त्या गोष्टीत मला नेहमी आवडतो तो हा वाटणीचा तपशील. सोडतानाही हिशेब चोख.

तर ट्रेडिंगचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी लफेव्हरचंच नाव घेईन. नियमांसाठी नव्हे. नियम त्यातले अर्धे आज निरुपयोगी आहेत. ज्या बनावट पेढ्यांवर लिव्हिंगस्टन पोसला त्या अमेरिकेत कधीच बंद झाल्या. कापसाचं प्रकरण मात्र सावकाश वाचा. पर्सी थॉमस त्यात एकदाही खोटं बोलत नाही, हे बघा. त्याच्याकडे खरी माहिती आहे, मोठं जाळं आहे, बोलणं गोड आहे, आणि तो स्वतः त्याआधी सगळं गमावून बसलेला आहे. लिव्हिंगस्टन पैसे घालवतो ते गर्वामुळे नाही. समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं मानून, शिकायच्या इराद्यानं, मान खाली घालून ऐकत राहिल्यामुळे.